शिवल्याची मोजणी

मृणाल रिसबूडची आई पडली नव्हती. ती झोपेत नुसती कुशीवर वळली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. सात आठवडे अंथरुणावर काढून ती गेली. हाडं आतून केव्हाच पोकळ झाली होती, डॉक्टर म्हणाले; पण एक्स-रेत ते दिसेपर्यंत पाव ते एक तृतीयांश हिस्सा झिजून गेलेला असतो. मृणाल तेव्हा तेहेतीस वर्षांची होती. पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत ती एकेकटे अणू लेसरच्या प्रकाशात पकडून ठेवायचं काम करत होती. आईचे दिवस झाल्यावर ती प्रयोगशाळेत परतली ती मनाशी एक ठरवूनच: हाडातून निसटणारं कॅल्शियम वजनानं मोजत बसायचं नाही, अणू-अणूनं मोजायचं.

प्रत्येक अणू एका ठरावीक रंगालाच ओ देतो. रंग केसभर चुकला तर त्या प्रकाशाचं त्याला काही सोयरसुतक नसतं. जुळला, तर तो प्रकाशाचा एक कण गिळतो, धक्का खातो, कण बाहेर टाकतो आणि लगेच दुसरा गिळतो. सेकंदाला कोट्यवधी वेळा. सहा बाजूंनी त्याच्या रंगाचे सहा किरण सोडले आणि भोवती योग्य तेवढं चुंबकीय क्षेत्र ठेवलं, की पळू बघणारा अणू सगळीकडून ढकलला जाऊन मधोमध अडकून पडतो आणि चमकायला लागतो. निर्वात डबीत, एकटा, निळा ठिपका. कॅमेऱ्याला दिसतो, मोजता येतो.

कॅल्शियमचा एक जरासा जड भाऊ आहे, कॅल्शियम-४१. निसर्गात तो इतका विरळ, की एकावर पंधरा शून्यं एवढ्या अणूंमागे एखादा सापडावा. त्याचा रंग इतर भावांपेक्षा किंचित वेगळा असल्यामुळे लेसर गर्दीतून नेमकं त्यालाच बोलावू शकतो. मिठाच्या कणाहूनही कितीतरी कमी एवढी त्याची मात्रा खूण म्हणून माणसाला गोळीतून दिली, की ती हाडात जाऊन बसते. किरणोत्सर्ग म्हणाल तर छातीच्या एका एक्स-रेपेक्षाही कमी. मग जन्मभर लघवीतून, घामातून, थुंकीतून तिचे थोडे थोडे अणू बाहेर येत राहतात. किती येतात त्यावरून हाड किती झिजतंय ते महिनाभरात कळतं, मोडायच्या कितीतरी आधी.

खोलीभर पसरलेला तो पसारा कपाटाएवढा व्हायला अकरा वर्षं लागली. ‘अणुमिती’ नावाच्या कंपनीनं यंत्र बाजारात आणलं. चाळीस शहरांतल्या बायका आता खुबा मोडण्याआधी सावध होत होत्या. मृणाल त्या कंपनीची सल्लागार होती. तिचे वडील श्रीधर रिसबूड, पाणीपुरवठा खात्यातले निवृत्त अभियंता, भेटेल त्याला सांगायचे, “आमच्या मुलीच्या यंत्रातून एक अणूसुद्धा सुटत नाही.”

नमुन्यांच्या यादीतला बदल मृणालच्या लक्षात आला तो मार्चमध्ये. ती दर मंगळवारी हिंजवडीच्या प्रयोगशाळेत यंत्राची तपासणी करायला जायची. एरवी यादीत लघवीच्या बाटल्यांचे आकडे असत. त्या दिवशी कापसाच्या बोळ्यांचे एकशेचाळीस नमुने होते आणि त्यांच्यापुढे लिहिलं होतं: ग्लास ९, ग्लास १४, जेवणघर नळ, लिफ्ट बटण, सोफा हात उजवा.

“हे काय आहे?” तिनं निखिलला विचारलं. निखिल देवस्थळी प्रयोगशाळेचा व्यवस्थापक होता, तिचाच जुना विद्यार्थी.

“पृष्ठभाग तपासणी, मॅडम. नवीन सेवा आहे. वर्ष झालं. यादी वेगळी असते, आज चुकून यात आली.”

“ग्लासाला कुठली हाडं?”

निखिल हसला, पण नजर त्यानं पडद्यावरच ठेवली. “स्टाफला खुणेचं कॅल्शियम दिलेलं असतं. त्यांचा हात लागला की घामातून वीस-तीस अणू येतात. ओठ लागले तर तीनशेच्या वर. ग्राहकाला तेवढंच हवं असतं. स्वच्छतेसाठी.”

मृणालनं अहवालाचा नमुना उघडला. तीन रकाने होते. संपर्क नाही: हिरवा. संपर्क: पिवळा. ओष्ठसंपर्क: लाल. तिनं तो शब्द दोनदा वाचला. कुणीतरी खुर्चीत बसून, चहा पीत, शब्दकोश धुंडाळून तो घडवला असणार. जिभेवर कसलातरी तेलकट थर बसल्यासारखं तिला वाटलं.

“ग्राहक कोण?”

“बरेच आहेत. दोन गृहसंकुलं, एक केटरर. हे बोळे ‘निवांतछाया’चे.”

‘निवांतछाया’ हा मुळशीच्या रस्त्यावरचा वृद्धनिवास होता. ग्लास १४ म्हणजे खोली १४. मृणालचे वडील तिथे तीन वर्षांपासून राहत होते.

ती तडक तिथे गेली. दुपारचे बारा वाजले होते. जेवणघरातून तुपाचा आणि फिनेलचा एकत्र वास येत होता. व्यवस्थापिका देवयानी सरपोतदार यांनी तिला ऑफिसात बसवलं, कोकम सरबत मागवलं आणि स्वतःहूनच सांगायला सुरुवात केली.

“मॅडम, खरं तर तुमचे आभारच मानायचे होते. आमच्या रहिवाशांना आता किती निर्धास्त वाटतं. पूर्वी नुसता संशय असायचा. कुणी माठाला हात लावला, कुणी कुणाच्या कपातनं चहा प्यायलं. भांडणं व्हायची. आता महिन्याचा अहवाल येतो, विषय संपतो.”

“स्टाफला हे माहीत आहे?”

“त्यांना कॅल्शियमच्या गोळ्या फुकट देतो आपण. सेवक आरोग्य योजना. फॉर्मवर सह्या आहेत सगळ्यांच्या.”

“गोळीत खूण आहे हे त्या फॉर्मवर लिहिलंय?”

“‘आवश्यक सूक्ष्म घटक’ असं लिहिलंय,” देवयानीबाई म्हणाल्या. “वकिलांना दाखवलं होतं.”

मृणालनं योजनेची यादी मागितली. यंत्राची जनक म्हटल्यावर ती लगेच मिळाली. वृद्धनिवासात एकोणीस मदतनीस होते. यादीत अकरा नावं होती. तिनं अकरा आडनावं वाचली, मग यादीत नसलेली आठ आठवून पाहिली. आठांमधली एक जोशी होती, एक कुलकर्णी, दोघी देशमुख. तिला आता काही विचारायची गरज उरली नव्हती. तरीही तिनं विचारलं, कारण या बाईच्या तोंडून तो शब्द बाहेर पडावा असं तिला वाटत होतं.

“हे अकराच का?”

देवयानीबाईंच्या चेहऱ्यावरचं हसू जराही हललं नाही. “स्वच्छतेच्या सवयी प्रत्येक घरात वेगळ्या असतात ना, मॅडम. तुम्हाला कळतंय.”

“आणि लाल आला की?”

“समज देतो. संगीता म्हणून एक होती, नऊ नंबरच्या आजींना उचलून खुर्चीत बसवलं आणि त्यांच्याच ग्लासातलं पाणी प्यायली. नाकारत होती. अहवाल दाखवला, गप्प झाली. तिला सोडावं लागलं.”

सरबताचा पेला मृणालच्या हातात तसाच होता. तिनं तो टेबलावर ठेवला आणि हात रुमालाला पुसले. या खोलीतल्या कुठल्याच वस्तूला हात लावू नये असं तिला वाटलं. आणि तसं वाटताच तिला आणखीच शिसारी आली, कारण या घरात सगळा धंदाच त्या भावनेवर चालला होता.

चौदा नंबरच्या खोलीत करुणा वाहुळे तिच्या वडिलांची कूस बदलत होती. करुणा अठ्ठावीस वर्षांची, जालन्याकडची, रुग्णसेवेचा कोर्स केलेली. श्रीधररावांना कंबरेखाली बळ राहिलं नव्हतं. नुकतंच त्यांचं डायपर बदललं होतं. घडी करून बांधलेली पिशवी दाराजवळ होती आणि खोलीत तो वास अजून रेंगाळत होता. करुणानं त्यांच्या मांड्यांना पावडर लावली, लेंगा वर ओढला, उशी सारखी केली. मग कोपऱ्यातल्या स्टुलावरची स्वतःची प्लॅस्टिकची बाटली उचलून ती बाहेर गेली.

“ही पोरगी नसती तर माझं काही खरं नव्हतं,” श्रीधरराव म्हणाले. “आईनं करावं तसं करते.”

“बाबा, तुमचा ग्लास तपासायला जातो हे तुम्हाला माहीत आहे?”

त्यांच्या चेहऱ्यावर तो ओळखीचा अभिमान आला. “अगं, तुझंच यंत्र. रहिवाशांच्या समितीत मीच समजावून सांगितलं सगळ्यांना. फळ्यावर आकृती काढून. लेसर, सापळा, सगळं. लोक थक्क झाले.”

“तुम्ही सुचवलंत?”

“सुचवलं नाही. विषय निघाला, तेव्हा मी म्हटलं की असं करता येईल.” मुलीचा चेहरा पाहून त्यांचा आवाज उतरला. “ठरावावर सात जणांच्या सह्या आहेत. माझी एकट्याची नाही.”

“ती तुमची घाण काढते, बाबा. रोज, हातानं.”

“हो, मग? त्याबद्दल मी कधी काही म्हटलं का?”

“ते चालतं. आणि ग्लासाला हात लागलेला चालत नाही.”

“मी स्वतः मानत नाही गं असलं काही. तुला माहीत आहे. तुझ्या मैत्रिणी आपल्या स्वयंपाकघरात जेवल्यात. पण इथे सगळ्यांबरोबर राहायचं असतं.”

“न मानणाऱ्या माणसाच्या ग्लासाचा बोळा दर महिन्याला जातो. तो कोण पाठवतं?”

श्रीधररावांनी खिडकीकडे मान वळवली. मग अगदी हळू म्हणाले, “हिरवा आला की बरं वाटतं. खोटं कशाला सांगू? लहानपणापासून अंगात बसलंय, जाता जात नाही.”

याच माणसानं तिला मांडीवर बसवून भिंग दाखवलं होतं, तारे दाखवले होते. आता ते पांढरे केस, ती स्वच्छ पुसलेली हनुवटी, करुणानंच सकाळी दाढी करून दिलेले ते गाल तिला बघवेनात. ती बाथरूममध्ये गेली आणि बेसिनवर वाकून उभी राहिली. उलटी झाली नाही. झाली असती तर बरं झालं असतं.

करुणा मागच्या व्हरांड्यात कपडे वाळत घालत होती. मृणालनं तिला जितकं सोपं करून सांगता येईल तितकं सांगितलं. करुणानं हातातली चादर झटकली, दोरीवर टाकली, चिमटे लावले. सगळं ऐकून झाल्यावर तिनं पहिला प्रश्न विचारला.

“गोळी बंद केली तर जाईल का ते?”

“नाही. हाडात बसलंय. थोडं थोडं निघत राहील. पण तब्येतीला काही होणार नाही, करुणा. आजार नाही हा.”

“म्हणजे मरेपर्यंत.”

“हो.”

“जातीचा दाखला तरी कपाटात ठेवता येतो, मॅडम,” करुणा म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. “हे त्यांनी हाडात नेऊन ठेवलं.”

करुणानं दुसरी चादर उचलली आणि मध्येच हात थांबवला.

“गोळ्या मला सातव्या महिन्यात चालू केल्या होत्या. बाई म्हणाल्या, बाळाच्या हाडाला चांगल्या. ओवी आता नऊ महिन्यांची आहे. अंगावर पिते.”

आईच्या हाडातलं कॅल्शियम दुधात उतरतं, हे मृणालनं स्वतः एका शोधनिबंधात मांडलं होतं. त्याला पारितोषिक मिळालं होतं.

“तिच्यात पण असेल?” करुणानं विचारलं.

“असेल.”

करुणा पायरीवर बसली. ओल्या चादरीचं पाणी तिच्या पायांवर निथळत राहिलं.

त्या आठवड्यात मृणालच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. संस्थेच्या तिजोरीत खुणेचं कॅल्शियम होतं. ‘निवांतछाया’च्या रहिवाशांच्या दुधात ते एकदा मिसळलं, की साठच्या साठ जणांच्या हाडांत तीच खूण बसेल. सगळे ग्लास लाल. सातही सह्यांचे ग्लास लाल. यंत्राला मग माणसामाणसांत काहीच फरक कळणार नाही. हे तिनं करुणाला सांगितलं तेव्हा ती चहाच्या टपरीवर समोर बसली होती, मांडीवर ओवी.

“त्यांना विचारून देणार का?” करुणानं विचारलं.

“विचारलं तर घेतील का ते?”

“मग तुमच्यात आणि त्यांच्यात काय फरक राहिला? आम्हालाही विचारलं नव्हतं.” तिनं ओवीच्या हातातून पेल्याचं झाकण काढून घेतलं. “आणि तुम्हाला काय वाटतं, सगळ्यांचं लाल आलं की ते थांबतील? दुसरं काहीतरी शोधून काढतील. तुमच्यासारखंच कुणीतरी हुशार.”

हे मृणालला झोंबलं, कारण ते खरं होतं. आपण किती सहज दुधात कालवायला निघालो होतो, या विचारानं तिला स्वतःचीच किळस आली.

“मग काय करायचं?”

“तक्रार करायची. अकरा जणींपैकी सात तयार आहेत. संगीता धरून आठ. चौघी घाबरल्यात, त्यांचं बरोबर आहे. पण पोलीस म्हणतील पुरावा काय. कुणी मारलं नाही, शिवी दिली नाही. उलट आरोग्याच्या गोळ्या दिल्या.” तिनं मृणालकडे सरळ पाहिलं. “पुरावा तुम्हाला काढता येतो.”

पुरावा म्हणजे तीन गोष्टी होत्या. अहवाल, समितीचा ठराव आणि अर्जदारांच्या अंगातल्या खुणेची मोजणी. अहवाल निखिलकडे होते. मृणाल मागायला गेली तेव्हा त्यानं केबिनचं दार लावून घेतलं.

“मॅडम, कंपनी बुडेल.”

“बुडू दे.”

“हाडांची तपासणी पण बंद पडेल. किती बायका वाचतात त्यानं. तुमच्या आईसाठी बांधलं होतंत ना हे?”

हा त्याचा हुकमाचा पत्ता होता आणि तो चुकीचाही नव्हता. मृणालनं टेबलावरून हात पुढे केला. “हाडं मोजणारी यंत्रं दुसरीकडेही होतील, निखिल. ग्लास मोजणारं हे एक आपण बांधलंय. ते आधी बंद करू. अहवाल दे.”

त्यानं अहवाल दिले. वर ठरावाची प्रतही दिली, कारण नवीन सेवेच्या कराराला ती जोडलेली होती. ती देताना म्हणाला, “दुसरं पान काढून टाका. सह्यांचं. त्याच्याशिवायही केस उभी राहते. बाबांची सही दुसरी आहे.”

मृणाल गाडीत बसून ते पान बघत राहिली. वडिलांची सही तशीच होती, शाळेच्या प्रगतीपुस्तकावर असायची तशी; ‘रि’ची वेलांटी लांब, ठसठशीत. हात थरथरत असतानाही त्यांनी ती मन लावून केली होती. तिनं पान जागेवर लावलं आणि पोलीस ठाण्यात नेऊन दिलं.

अॅट्रॉसिटीचा गुन्हा नोंदवायला चार दिवस लागले. तपास अधिकारी सुरुवातीला वैतागला होता. अणूला कुठून समन्स काढू, म्हणाला. मग त्यानं ‘ओष्ठसंपर्क’ हा शब्द वाचला, यादीतली अकरा आडनावं वाचली, आणि त्यानंतर त्यानं थट्टा केली नाही.

वर्तमानपत्रांत आल्यावर ‘निवांतछाया’नं श्रीधररावांना खोली रिकामी करायला सांगितलं. व्यवस्थापनाचं म्हणणं, सगळं त्यांच्याच मुलीनं केलं. मृणालनं त्यांना घरी आणलं. नवरा नाही, मूल नाही. ती आणि ते. सकाळ-संध्याकाळ ती त्यांचं डायपर बदलायला लागली. पहिल्या दिवशी तिनं नाकाला रुमाल बांधला. आठवड्यानं वासाची सवय झाली; दुसऱ्या गोष्टीची झाली नाही. कूस वळवताना ते तिच्या मानेला हात घालत, लहान मुलासारखा, आणि तिला तो हात झटकून टाकावासा वाटे. ती झटकत नसे. कामाला बाई मिळवायला तिनं एजन्सीला फोन केला, तेव्हा पलीकडच्या माणसानं विचारलं, “कुठल्या समाजाची चालेल?” तिनं फोन ठेवला आणि तेव्हापासून सगळं स्वतःच केलं.

“तू माझं नाव दिलंस,” एकदा ते म्हणाले.

“तुम्ही सही केली होतीत.”

“मुलगी असून.”

मृणाल पावडर लावत होती. “बाबा, करुणाची मुलगी नऊ महिन्यांची आहे. तिच्या हाडात तुमचा ठराव आहे.”

त्यांचे डोळे भरले होते, पण ते कुणासाठी हे तिला कळलं नाही, आणि विचारायची इच्छाही झाली नाही.

मोजणी न्यायालयाच्या आदेशानं, संस्थेच्या जुन्या यंत्रावर झाली. दोन बाहेरचे तज्ज्ञ आणि एक हवालदार साक्षीला बसले. आठ जणींचे नमुने तीन दिवसांत झाले. शेवटचा ओवीचा. करुणा तिला घेऊन आली होती आणि मोजणी बघायची म्हणून हटून बसली. सकाळचे अकरा वाजले होते. मृणालनं नमुना भट्टीत ठेवला, किरण जुळवले. पडदा काळा होता.

“या वयाच्या दुसऱ्या कुठल्याही बाळात एका सबंध दिवसात एखादा दिसेल, नाहीतर दिसणारही नाही,” ती साक्षीदारांना म्हणाली.

पहिला ठिपका चाळीस सेकंदांत आला. पडद्याच्या मधोमध, निळा, स्थिर. जेमतेम एक सेकंद राहिला आणि गेला. ओवीनं त्याच्याकडे बोट दाखवलं. मग दुसरा आला. मग तिसरा.

तेरा वर्षांपूर्वी असा पहिला ठिपका दिसला होता तेव्हा मृणाल आनंदानं रडली होती. आता ती प्रत्येक ठिपक्याचा आकडा कागदावर लिहीत होती. दीड तासात आकडा एकशेसाठच्या वर गेला. तज्ज्ञांपैकी एकानं चष्मा काढून पुसला आणि म्हणाला, “शंकेला जागाच नाही. माझ्या मते पुरे झालं, डॉक्टर. बंद करा. आईलाही त्रास होतोय.”

मृणालचा हात बटणाकडे गेला. तिनं करुणाकडे पाहिलं. ओवी तिच्या खांद्यावर झोपली होती. करुणाचे डोळे कोरडे होते आणि ते पडद्यावरून हलले नव्हते.

“आदेशात किती वेळ लिहिलाय?” तिनं विचारलं.

“सहा तास.”

“मग सहा तास मोजा,” करुणा म्हणाली. “एकही सोडू नका.”

मृणालनं हात मागे घेतला, कागद पुढे ओढला आणि पुढचा आकडा लिहिला.